आकाशातील नोकरीचा हिशेब

(बी. ए. भाग २)

माणसाच्या कामाची किंमत कशी ठरावी, हा अर्थशास्त्रातील फार जुना प्रश्न आहे. वर्गात 'वेतन' हे प्रकरण शिकविले जाते तेव्हा उदाहरणे येतात ती शेतमजुराची, गिरणी कामगाराची, नाहीतर शिक्षकाची. प्रस्तुत लेखात मी वैमानिकाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. ज्या नोकरीचा पगार ऐकून खेड्यातील माणूस तोंडात बोट घालतो, त्या पगारात नेमके काय काय मोजलेले असते हे एकदा नीट पाहिले, म्हणजे 'योग्य मोबदला' या शब्दांचा अर्थ आपल्या स्वतःच्या कामालाही लावून पाहता येतो.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर विमान ही अलीकडेपर्यंत मान वर करून पाहावयाची वस्तू होती. अमरावतीजवळ बेलोरा येथे धावपट्टी होती, पण प्रवासी विमानसेवा नव्हती. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथील विमानतळाचे उद्घाटन झाले आणि अलायन्स एअर या सरकारी कंपनीचे मुंबईचे विमान अमरावतीस उतरले. १८५० मीटर लांबीची ही धावपट्टी एटीआर-७२ जातीच्या पंख्याच्या विमानाला पुरेशी आहे. त्याआधी, २०२४ मध्येच, एअर इंडियाने बेलोरा येथे वैमानिकांची प्रशिक्षण संस्था उभारण्याचे जाहीर केले होते. वर्षाला १८० वैमानिक तयार करावयाचे अशी ही योजना असून तिच्यासाठी एक इंजिनाची ३१ आणि दोन इंजिनांची ३ अशी एकूण ३४ विमाने मागविण्यात आली. हे वाचल्यापासून तिवसा, चांदूर, मोर्शी या भागांतील घरांत 'पायलट' हा शब्द नव्याने ऐकू येऊ लागला आहे.

आमच्या घरातही तो आला. माझी धाकटी बहीण अकरावीला विज्ञान शाखेत आहे. तिने हा विषय काढला तेव्हा बाबा हसले नाहीत. ते मला म्हणाले, "तू कॉलेजात जातं नं, मंग हिशेब करून सांग. वावर इकून भागन काय, अन् इतकं करून पोरीले काय भेटन?" आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले मीच पहिले माणूस असल्यामुळे असे हिशेब माझ्याकडे येतात. हा लेख म्हणजे त्याच हिशेबाची नीट लिहून काढलेली प्रत होय.

वेतनभेदाची पाच कारणे

ॲडम स्मिथ याचा 'राष्ट्रांची संपत्ती' हा ग्रंथ १७७६ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या धंद्यांतील वेतन कमीजास्त का असते याची पाच कारणे त्याने त्यात सांगितली आहेत. काम सुखाचे आहे की त्रासाचे. ते शिकण्यास किती खर्च व कष्ट पडतात. काम बारमाही मिळते की अधूनमधून. काम करणाऱ्यावर किती विश्वास टाकावा लागतो. आणि त्या धंद्यात यश मिळण्याची शक्यता किती. विमान तर सोडाच, त्या वेळी आगगाडीही नव्हती. तरीही ही पाच मापे वैमानिकाला लावून पाहता येतात.

पहिले माप कामाच्या त्रासाचे. भारतातील विमान वाहतुकीची सुरुवातच कष्टाने झालेली आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे उड्डाण केले. पुढे १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा तिचे केंद्र आपले नागपूर होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. लोक सकाळी पत्र वाचीत, तेव्हा ते आणणारा वैमानिक झोपावयास जात असे.

आज विमाने पुष्कळ सुधारली आहेत, पण झोपेचा हा उलटा व्यवहार गेलेला नाही. पहाटे तीनला उठावयाचे, दुसऱ्या दिवशी रात्री बाराला उतरावयाचे, तिसरी रात्र परगावच्या हॉटेलात काढावयाची, असा कामाचा तक्ता असतो. सण, लग्नकार्य, मुलांची परीक्षा यांपैकी काहीही त्या तक्त्याला ठाऊक नसते. उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य असते आणि कामावर श्वासाची तपासणी होते. वर्षातून निदान एकदा वैद्यकीय तपासणीला उभे राहावे लागते. त्या तपासणीत डोळे, कान, हृदय, रक्तदाब यांपैकी एकाने दगा दिला तर माणूस धडधाकट दिसत असूनही त्याचे काम थांबते. कारकुनाला मधुमेह झाला तर तो गोळी घेऊन कचेरीत जातो. वैमानिकाला मात्र आधी आपला परवाना राहतो की जातो याची काळजी करावी लागते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. नियमाप्रमाणे वैमानिकाला वर्षात १००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. भागाकार केला तर हे रोजचे पावणेतीन तासही होत नाहीत. त्यावरून "तीन तासांचे काम आणि लाखांचा पगार" असे लोक म्हणतात. परंतु हे तास विमान चालत असतानाचे आहेत. उड्डाणापूर्वीची हजेरी, हवामानाचा व इंधनाचा अभ्यास, दोन फेऱ्यांमधील थांबा, धुक्यामुळे झालेला खोळंबा, परगावचा मुक्काम हे सर्व त्यात येत नाही. शिक्षकाचे काम फक्त तासाची घंटा ते घंटा एवढेच मोजावे, तशातला हा प्रकार होय.

दुसरे माप शिकण्याच्या खर्चाचे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि २०० तासांचे उड्डाण करावे लागते. त्यांपैकी १०० तास विमानाची सर्व जबाबदारी शिकणाऱ्याने स्वतः घ्यावयाची असते. हवाई नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र आणि विमानाचे तंत्रज्ञान या विषयांच्या परीक्षा निराळ्या. या सर्वांचा खर्च आज पन्नास लाख रुपयांच्या आगेमागे जातो, आणि विमान कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांतून गेल्यास तो कोटीवरही जातो. परवाना हाती आल्यावर प्रवासी विमानाच्या विशिष्ट जातीचे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याचे आणखी काही लाख.

आता बाबांनी विचारलेला हिशेब. आमच्या चार एकर कोरडवाहू जमिनीचा सगळा पैसा घातला तरी ही रक्कम पुरी होत नाही. म्हणजे कर्ज आलेच. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे पुन्हा सातबारा आलाच. पन्नास लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे म्हटले तर दरमहा सुमारे ६६ हजार रुपये हप्ता पडतो आणि एकूण फेड ७९ लाखांवर जाते. नव्या सहवैमानिकाला महिन्याला दीड-दोन लाख मिळतात असे ऐकून आपण चकित होतो. पण त्या रकमेतून आयकर आणि हा हप्ता वजा केला, मोठ्या शहरातील घरभाडे वजा केले, की हाती उरणारी रक्कम पुष्कळ लहान होते. पगाराचा मोठा भाग हा पगार नसून आधी घातलेल्या भांडवलाची परतफेड असते. विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्या काही वर्षांच्या पिकाचा पैसा आपला म्हणता येत नाही, तसेच हे आहे.

तिसरे माप कामाच्या कायमपणाचे. आकाशातील नोकरी पक्की असेल असा आपला समज असतो. प्रत्यक्षात किंगफिशर कंपनीची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली, आणि बंद पडण्याआधी तिच्या वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत विमाने उभी राहिली, तेव्हा जवळजवळ सर्वच कंपन्यांनी वैमानिकांचे पगार कापले. वैमानिकाच्या पगारात ठरलेल्या रकमेबरोबर उड्डाणाच्या तासांचा भत्ता असतो. एअर इंडियात साथीपूर्वी ७० तासांच्या भत्त्याची हमी होती. साथीच्या काळात ती २० तासांवर आली आणि २०२३ च्या नव्या अटींत ४० तास ठरली, म्हणून तेथील वैमानिक संघटनांनी विरोध केला होता. दुसरीकडे, नोकरी सोडावयाची तर कॅप्टनने १२ महिने आणि सहवैमानिकाने ६ महिने आधी सूचना द्यावी, असा नियम २०१७ मध्ये करण्यात आला. कंपनी एका रात्रीत बंद पडू शकते, वैमानिकाला मात्र वर्षभर आधी सांगावे लागते.

चौथे माप विश्वासाचे. ज्या कामात दुसऱ्याचे प्राण हाती द्यावे लागतात, ते काम करणाऱ्याला समाजात मान राहील असे वेतन मिळाले पाहिजे, असे स्मिथचे म्हणणे आहे. एटीआर-७२ सारख्या लहान विमानातही सत्तरच्या आसपास माणसे असतात. दाराआडच्या त्या दोघांची नावेही त्यांतील बहुतेकांना ठाऊक नसतात. ग्रामीण भागातील मुलींना उमेद देणारे एक नाव येथे सांगितले पाहिजे. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये कलकत्ता ते सिलचर हे उड्डाण केले, तेव्हा विमानातील सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के सांगितले जाते आणि ते जगातील बहुतेक देशांपेक्षा अधिक आहे. म्हणजे विश्वासाच्या बाबतीत मुलगा-मुलगी हा भेद या व्यवसायाने निदान कागदावर तरी ठेवलेला नाही. वैमानिक स्त्री असो की पुरुष, त्या पदाचा पगार तोच असतो. आमच्याकडे निंदणीला जाणाऱ्या बायांना हे नवलाचे वाटेल.

पाचवे माप यशाच्या शक्यतेचे. २०२३ या एका वर्षात देशात १६२२ व्यावसायिक परवाने देण्यात आले. परंतु परवाना म्हणजे नोकरी नव्हे. वैमानिकांची टंचाई आहे असे आपण वाचतो, ती मुख्यतः अनुभवी कॅप्टनांची असते. कॅप्टन होण्यास लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी १५०० तासांचे उड्डाण हवे. २०० तासांवर उभा असलेला एकवीस वर्षांचा तरुण आणि १५०० तास यांच्यामध्ये जी दरी आहे, तीत कित्येकजण एक-दोन वर्षे बसून राहतात. कर्जाचे व्याज मात्र बसून राहत नाही. तरुण माणसाला आपल्या नशिबाचा भरवसा नेहमी जास्त वाटतो, असेही स्मिथने लिहिले आहे. आपण वर्तमानपत्रात यशस्वी वैमानिकाचा फोटो पाहतो. परवाना पेटीत ठेवून दुसरे काम करणाऱ्याचा फोटो कोणी छापत नाही.

शिकतानाचा धोकाही लपवू नये. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळील बिरसी विमानतळावरून निघालेले प्रशिक्षणाचे विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले आणि प्रशिक्षक व विद्यार्थिनी दोघेही मरण पावले. बिरसी आपल्या विदर्भातच आहे.

पैशात न मोजले जाणारे सहावे माप

या पाच मापांनी पगाराचा आकडा बराचसा उलगडतो. तरीही माझ्या मते एक माप उरते. ते म्हणजे 'नाही' म्हणण्याची मोकळीक.

७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान केरळातील कोळिकोड येथे भर पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. २१ माणसे मृत्युमुखी पडली. विमानाचे कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातील माजी विंग कमांडर होते आणि त्यांचे वृद्ध आईवडील नागपूरला राहत होते. त्यामुळे विदर्भाला ही बातमी घरच्यासारखी लागली. अपघात चौकशी विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे उतरणे सोडून देऊन पुन्हा वर न जाता विमान धावपट्टीवर फार पुढे उतरविले गेले, हे अहवालाने मुख्य कारण ठरविले. परंतु त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदविलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून निघणाऱ्या उड्डाणावर त्याच कॅप्टनची नेमणूक होती. विमान दुसऱ्या गावी नेले असते तर ती सकाळची फेरी अडली असती, कारण त्या तळावर पुरेसे कॅप्टन नव्हते. उद्याच्या कामाचे हे ओझे त्या रात्रीच्या निर्णयावर पडले असावे, आणि कॅप्टन कमी असणे हा कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाचा दोष होता, असे अहवालाचे म्हणणे आहे.

या प्रकरणात गेलेल्या माणसाला दोष देणे किंवा त्याला दोषमुक्त करणे हे माझे काम नाही. मला त्यातून दिसते ते एवढेच : वैमानिकाला आपण विमान चालविण्यासाठी पैसे देतो असे आपल्याला वाटते, खरे पाहता विमान चालवू नये तेव्हा 'आज नाही' असे म्हणण्यासाठी ते पैसे असतात. हवामान वाईट आहे, मी थकलो आहे, या यंत्राचा आवाज मला बरा वाटत नाही, असे सांगणारा माणूस प्रवाशांना हवा असतो. असे सांगण्यासाठी त्याच्यामागे हप्त्याची, बढतीची किंवा उद्याच्या फेरीची टोचणी नसावी लागते.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. कापूस घरात आला की ज्याच्यावर कर्ज नाही तो गंजी लावून भावाची वाट पाहतो. ज्याच्यावर कर्ज आहे तो दाराशी आलेल्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने खेडा खरेदीत कापूस देऊन टाकतो. दोघांचा कापूस सारखाच, पण एकाला 'नाही' म्हणता येते, दुसऱ्याला येत नाही. मालक आणि मजूर यांच्या तंट्यात मालक जास्त दिवस दम धरू शकतो, हेही स्मिथने त्याच ग्रंथात सांगून ठेवले आहे. पन्नास लाखांचे कर्ज डोक्यावर असलेला एकवीस वर्षांचा सहवैमानिक हा त्या कर्जबाजारी शेतकऱ्याचाच भाऊ आहे, मग त्याचा गणवेश कितीही पांढरा असो. म्हणून पगार मोठा आहे की लहान एवढेच न विचारता, त्या पगारावर जगणाऱ्याला 'नाही' म्हणता येते का, हे विचारले पाहिजे.

विश्रांती हा पगाराचाच भाग

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, हा आपल्याकडील नियम कोणी कायद्याने केलेला नाही. जनावराच्या कष्टाची फेड वैरणीबरोबर विसाव्यानेही करावी लागते, हे शेतकऱ्याला कळते. माणसांच्या बाबतीत हेच कळण्यास मात्र न्यायालयापर्यंत जावे लागले. वैमानिकांच्या थकव्याबद्दल बरीच वर्षे तक्रारी चालल्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांची केली. रात्रीची वेळ मध्यरात्रीपासून पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली, आणि रात्रपाळीत विमान उतरविण्याची मर्यादा ६ वरून २ वर आणली. कंपन्यांच्या विरोधामुळे नियम लांबले. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर ते दोन टप्प्यांत, १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ पासून, लागू झाले.

त्यानंतर काय घडले ते सर्वांना आठवत असेल. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवशी हजारावर. नव्या नियमांप्रमाणे लागणाऱ्या वैमानिकांचे नियोजन चुकले, हे कंपनीनेही मान्य केले. सरकारने तात्पुरती सवलत दिली आणि विमाने पुन्हा सुरू झाली. प्रवाशांचे हाल झाले हे खरेच. पण या घटनेचा अर्थ असाही होतो की, इतके दिवस आपली स्वस्त तिकिटे काही अंशी वैमानिकाच्या झोपेतून निघत होती. झोप परत द्यावयाची ठरली तेव्हा माणसे कमी पडली.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणापूर्वी चाळीस वर्षांचा एक वैमानिक कोसळला आणि मरण पावला. त्याला आधी २७ तासांची विश्रांती मिळाली होती, म्हणून त्याच्या मृत्यूचा दोष थकव्याला देता येत नाही. परंतु त्या दिवशी विमानाची वाट पाहत बसलेल्या लोकांना निदान एक गोष्ट कळली असेल : कॅप्टन हाही छातीत हृदय असलेला माणूस असतो.

हेच माप जमिनीवर

वैमानिकाला योग्य मोबदला मिळावा असे मी म्हणतो तेव्हा माझे मित्र मला विचारतात, "त्याइले काऊन कमी पडते? आधी आपल्या लोकाइचं पाह्य." हा प्रश्न मला रास्त वाटतो. माझे मामा ट्रकवर ड्रायव्हर आहेत. संत्र्याच्या हंगामात ते आमच्या भागातून माल भरून दिल्लीकडे जातात. संत्रा नासतो, म्हणून वेळेवर पोहोचण्याची घाई असते. उशीर झाला तर भाड्यातून पैसे कापले जातात. मामा रात्री दोन तास पाय पोटाशी घेऊन ट्रकमध्येच झोपतात आणि पुन्हा निघतात. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ मध्ये झाला. त्यात ड्रायव्हरच्या कामाची मर्यादा दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा असे लिहिलेले होते. पण तो २०२५ पर्यंत पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. दोन ट्रकांच्या मालकाकडे काम करणाऱ्या मामांना तो कायदा कधी भेटलेला नाही.

मामांना स्मिथची मापे लावून पाहिली तर शिकण्याचा खर्च सोडून बाकी सर्व मापे त्यांना लागू पडतात. काम त्रासाचे, काम हंगामी, समोरून येणाऱ्या बसमधील पन्नास माणसांचा विश्वास त्यांच्याही हातात. फरक हा की वैमानिकाने किती तास काम केले हे मोजणारी यंत्रणा आहे, संघटना आहे, न्यायालयात जाणारे वकील आहेत. मामांचे तास मोजणारे कोणी नाही. यावरून वैमानिकाचा पगार कमी करावा असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. वैमानिकाने झगडून जे मिळविले, म्हणजे मोजलेले तास, सक्तीची विश्रांती आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क, ते खाली ट्रकच्या केबिनपर्यंत उतरले पाहिजे, असा निष्कर्ष मी काढतो.

हिशेबाचा शेवट

बाबांना मी जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो, कारण ते आमच्या घरापुरते नाही. वावर विकून हे शिक्षण घेऊ नये. आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडे पहिली तपासणी काही हजारांत होते, आणि डोळ्यांत किंवा कानांत दोष असेल तर तो पन्नास लाख घालण्यापूर्वी कळतो. नंतर लेखी परीक्षांची तयारी करावी. ती घरी बसूनही करता येते. त्यानंतर शिष्यवृत्तीची आणि सरकारी संस्थेची वाट पाहावी. रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. तिची प्रवेश परीक्षा असते. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबच्या साहाय्याने वैमानिक प्रशिक्षणाची योजना काढली होती. अशा योजना फार मोजक्या जागांच्या असतात, पण त्यांतून जाणारा विद्यार्थी कर्जाचे जोखड न घेता विमानात बसतो.

कला शाखेतील मित्रांसाठीही एक गोष्ट सांगतो. या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही अट नव्हती, दहावी उत्तीर्ण असलेलाही चालत असे. २०२५ मध्ये ही अट काढण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या. ती अट असली तरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देता येतात. तेव्हा 'आपण आर्ट्सवाले' म्हणून कोणी कपाळाला हात लावून बसू नये.

बेलोऱ्याला वर्षाला १८० वैमानिक तयार व्हावयाचे आहेत. जमीन आपल्या जिल्ह्याची आणि विमानतळ सरकारी महामंडळाचा आहे. त्या १८० पैकी काही जागा तरी या विभागातील गरीब मुलामुलींना शुल्क न घेता मिळाव्यात, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींकडे करण्यास काहीच हरकत नाही. मेहेरबानी म्हणून नव्हे, तर कर्ज नसलेला वैमानिक प्रवाशांच्या जिवासाठीही अधिक बरा, म्हणून ही मागणी करावयाची. आमच्या महाविद्यालयाने या मागणीचा ठराव स्नेहसंमेलनातील विद्यार्थी सभेत मांडावा, असे मी सुचवितो. त्याच ठरावात दुसरे कलम तिवसा तालुक्यातील ट्रक ड्रायव्हरांच्या कामाच्या तासांसंबंधी असावे. दोन्ही कलमे मी लिहून तयार ठेवली आहेत. अनुमोदन देणारे पुढे यावेत.